क्रिएटिनची रूपे आणि मल्लांचा खुराक : राहुरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१

अहिल्यानगर जिल्ह्यात गावच्या यात्रेनिमित्त भरणाऱ्या कुस्त्यांच्या मेळ्यास ‘हगामा’ असे नाव आहे. फारसीतील ‘हंगामा’, म्हणजे जमाव किंवा गलबला, हा शब्द मराठीच्या या भागात येऊन एका विशिष्ट अर्थापुरता स्थिरावला. हगाम्यात प्रथम मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या होतात आणि शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती लागते. या मेळ्याचे नावच नव्हे, तर त्यातील बहुतेक व्यवहाराचे शब्दही परदेशांतून आलेले आहेत. ‘कुस्ती’, ‘पहिलवान’, ‘जोर’ आणि ‘वस्ताद’ हे फारसी. ‘तालीम’ हा मूळ अरबी, म्हणजे शिक्षण. ‘आखाडा’ मात्र संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून प्राकृतमार्गे आलेला, आणि ‘बैठक’ देशी. मल्लाच्या आहारास म्हणतात तो ‘खुराक’ हा शब्दही फारसीच; खाणे या अर्थाच्या धातूपासून तो सिद्ध झाला आहे. मराठीत मात्र साध्या जेवणास कोणी खुराक म्हणत नाही. बळ यावे म्हणून हेतुपूर्वक, नेमाने आणि खर्च सोसून जे खाल्ले जाते तो खुराक होय.

या खुराकात गेल्या काही दशकांत एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. त्याचे नाव ‘क्रिएटिन’. बोलण्यात मात्र हे नाव क्वचितच ऐकू येते. तालमीत आणि घरात त्यास नुसते ‘पावडर’ म्हणतात. या एका शब्दात दुधापासून काढलेले प्रथिन, क्रिएटिन आणि कधीकधी निषिद्ध औषधे अशा परस्परांहून सर्वथा भिन्न वस्तू एकत्र कोंबल्या जातात. उलट व्यापाऱ्याच्या डब्यावर एकाच क्रिएटिनची मोनोहायड्रेट, हायड्रोक्लोराइड, ईथिल एस्टर, नायट्रेट, सायट्रेट, ‘बफर्ड’ अशी अनेक नावे दिसतात. म्हणजे एकीकडे अनेक वस्तूंना एक नाव आणि दुसरीकडे एकाच वस्तूस अनेक नावे, असा दुहेरी घोटाळा आहे. त्यात ज्याचे नुकसान होते तो बहुधा शेतकरी कुटुंबातील मुलगा असतो. त्याच्या खुराकाचा पैसा दुधाच्या किंवा उसाच्या बिलातून येतो. म्हणून या पदार्थाचे कोणते रूप परिणामकारक, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. त्याचे उत्तर नावांच्या आणि वस्तूच्या इतिहासातून शोधणे उचित ठरेल.

२

मल्लाचा आहार हा राज्यकर्त्यांच्या आणि ग्रंथकारांच्या आस्थेचा विषय फार पूर्वीपासून होता. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. मराठी भाषेच्या अभ्यासकांस तो त्यातील जुन्या मराठी पद्यांच्या उल्लेखामुळे परिचित आहे. त्याच ग्रंथातील ‘मल्लविनोद’ या प्रकरणात मल्लांची वय, देह आणि बळ यांनुसार वर्गवारी केलेली असून त्यांचा व्यायाम कसा असावा व त्यांनी काय खावे हेही सांगितले आहे. मल्लांना डाळी, मांस, दूध, साखर आणि उत्तम पक्वान्ने पुरविणे हे राजाचे कर्तव्य मानले आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतील ‘मल्लपुराण’ हा ग्रंथ १९६४ साली बडोद्याहून संपादित होऊन प्रसिद्ध झाला. त्यातही ऋतुमानाप्रमाणे आहार बदलण्याचे नियम आहेत.

मानसोल्लासातील यादीत मांस आणि दूध शेजारीशेजारी आहेत. पुढील काळात मात्र महाराष्ट्रात या दोहोंची काहीशी फारकत झाली. कोल्हापूरकडील तालमींत मटण खुराकाचा भाग राहिले. वारकरी परंपरेचा प्रभाव असलेल्या भागांत माळ घातलेला पहिलवान मांस वर्ज्य करून दूध, तूप, बदामाची थंडाई, खारीक आणि डाळी यांवर देह पोसू लागला. ही फारकत धर्माचाराची होती. परंतु तिचा एक शारीरिक परिणामही होता, आणि तो समजण्यास विसावे शतक संपत यावे लागले.

राहुरीचा प्रदेश या दुसऱ्या परंपरेस अनुकूल आहे. मुळा नदीवर बारागाव नांदूर येथे झालेल्या धरणामुळे येथे ऊस आणि चारा दोन्ही पिकतात. साखर कारखान्याभोवती वसलेल्या वस्तीस तर ‘राहुरी फॅक्टरी’ असेच नाव पडले. १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मुख्यालय राहुरीस आहे. तेथील गोसंशोधनातून ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय निर्माण झाली. तिच्यात होल्स्टीन फ्रिजियनचे ५० टक्के आणि जर्सी व गीर यांचे प्रत्येकी २५ टक्के रक्त असते. मानसोल्लासाने मल्लासाठी मागितलेले दूध आणि साखर ही दोन्ही या तालुक्यात घरची आहेत. येथील पहिलवानाचा खुराक दुधावर उभा राहावा, हे स्वाभाविकच होय.

३

‘क्रिएटिन’ या नावाचा उगम मात्र दुधात नाही, मांसात आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल याने १८३२ साली मांसाच्या अर्कातून हा पदार्थ वेगळा काढला आणि ग्रीक ‘क्रेआस’, म्हणजे मांस, या शब्दावरून त्यास नाव दिले. हा ग्रीक शब्द मराठी वाचकास वाटतो तितका परका नाही. संस्कृतातील ‘क्रविस्’ व ‘क्रव्य’, म्हणजे कच्चे मांस, हे त्याचेच सगोत्र शब्द होत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात शव जाळणाऱ्या अग्नीस ‘क्रव्याद’, म्हणजे मांसभक्षक, असे विशेषण आहे. लोकभाषेत ‘मांस’ या शब्दाने ‘क्रव्य’ची जागा घेतली व तो शब्द ग्रंथांतच राहिला. तोच धातुबंध पॅरिसच्या प्रयोगशाळेतून डब्यावरचे नाव होऊन राहुरीस परत आला, असे म्हणता येईल.

शेव्रलनंतर जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८४७ साली असे दाखविले की, शिकारीत धावून मारल्या गेलेल्या रानकोल्ह्यांच्या मांसात पाळीव कोल्ह्यांच्या मांसापेक्षा क्रिएटिन सुमारे दहापट होते. श्रम आणि क्रिएटिन यांचा संबंध प्रथम येथे सुचविला गेला. याच लीबिगच्या नावाने १८६५ साली मांसाच्या अर्काचा मोठा व्यापार सुरू झाला. सुमारे ३० किलो मांस आटवून एक किलो अर्क मिळे, आणि तो बलवर्धक म्हणून युरोपभर खपे. परंतु प्रथिने आणि मेद हे पोषणाचे मुख्य घटक त्या अर्कात फारसे उतरत नसत. त्याच्या पौष्टिकतेविषयीचे दावे पुढे टिकले नाहीत आणि चवीसाठी वापरावयाचा पदार्थ म्हणूनच तो शिल्लक राहिला. क्रिएटिनच्या विक्रीचा हा पहिला अध्याय होय. दावा मोठा, आधार अपुरा आणि नाव मात्र शास्त्रज्ञाचे, हा क्रम पुढेही अनेकदा दिसतो.

खरा कार्यकारणभाव १९२७ साली उलगडला. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्याने आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क व यल्लप्रगड सुब्बराव यांनी स्नायूंतील एक अस्थिर फॉस्फरसयुक्त पदार्थ शोधला. तो क्रिएटिन आणि फॉस्फेट यांचा संयोग असल्याचे फिस्क व सुब्बराव यांनी दाखविले. त्यास फॉस्फोक्रिएटिन म्हणतात. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेल्या सुब्बरावांचे नाव भारतीय तालमींत कोणास ठाऊक असेल असे वाटत नाही. परंतु डाव टाकताना पहिलवानाच्या देहात जे घडते त्याचा अर्थ लावणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

तो अर्थ थोडक्यात असा. स्नायूचे आकुंचन एटीपी नावाच्या द्रव्यातील ऊर्जेवर चालते. हे द्रव्य स्नायूत अत्यल्प असते आणि पूर्ण जोर लावल्यास काही क्षणांत सरते. त्या वेळी फॉस्फोक्रिएटिन आपले फॉस्फेट देऊन ते पुन्हा भरून काढते. हा साठाही सुमारे दहा सेकंदांच्या पराकाष्ठेपुरताच असतो आणि विश्रांतीत पुन्हा भरतो. पट काढणे, ढाक मारणे, चितपट होताना पुलावर देह तोलून धरणे, या सर्व क्रिया याच जातीच्या आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची कुस्ती ही अशा स्फोटक प्रयत्नांची आणि त्यांमधील अपुऱ्या विश्रांतीची मालिका असते. म्हणून क्रिएटिनचा साठा वाढल्याने लाभ होऊ शकेल अशा खेळांत कुस्तीची गणना होते. लांब पल्ल्याच्या धावण्यास त्याचा तसा उपयोग नाही.

४

सत्तर किलो वजनाच्या मनुष्याच्या देहात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते आणि त्यातील ९५ टक्के स्नायूंत असते. त्यातील सुमारे २ ग्रॅम दररोज क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे बाहेर जाते. त्याची भरपाई काही अंशी देह स्वतः करतो, काही अंशी आहारातून होते. मांस व मासळी यांत दर किलोस साधारण ४ ते ५ ग्रॅम क्रिएटिन असते; शिजविताना त्यातील काही नष्ट होते. दुधात हे प्रमाण दर किलोस अवघे ०.१ ग्रॅम आहे आणि धान्ये, डाळी, बदाम यांत ते जवळजवळ नाहीच. ५ ग्रॅम मोनोहायड्रेटमध्ये ४.४ ग्रॅम क्रिएटिन असते. तेवढे मिळविण्यास मांस सुमारे एक किलो आणि दूध सुमारे ४४ लिटर लागेल.

यावरून दूध निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. दुधाचे बळ त्याच्या प्रथिनांत व कॅल्शियममध्ये आहे. स्नायू बांधण्याचे काम तेच करते. परंतु क्रिएटिनपुरते पाहिल्यास माळकरी पहिलवानाचा पिढीजात खुराक रिकामा आहे, हे मान्य करावे लागते. शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंतील साठा मांसाहारी व्यक्तींपेक्षा कमी असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. १९९२ साली रॉजर हॅरिस, कारीन सोडरलुंड आणि एरिक हल्टमन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या विषयास नवे वळण दिले. तोंडावाटे घेतलेले क्रिएटिन मानवी स्नायूंत साठते, ज्यांचा साठा आरंभी कमी असतो त्यांच्यात वाढ अधिक होते आणि व्यायाम केलेल्या स्नायूंत ती आणखी अधिक होते, असे त्यातून दिसले. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकनंतर काही ब्रिटिश धावपटूंनी ते वापरल्याची वार्ता पसरली आणि लवकरच हा पदार्थ बाजारात आला.

येथे नावामुळे होणारा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नावाचा अर्थ मांस असला, तरी आजच्या बाजारातील क्रिएटिन मांसापासून काढलेले नसते. सार्कोसिन व सायनामाइड या जातीच्या रसायनांपासून ते कारखान्यात घडवितात. पूड शाकाहारीच असते. कॅप्सूलचे वेष्टन मात्र प्राणिज जिलेटिनचे असू शकते. तेव्हा ज्यास त्याची गरज अधिक, तो माळकरी पहिलवानच नावाला भिऊन त्यापासून दूर राहत असेल, तर तो व्युत्पत्तीला वस्तू समजण्याचा प्रकार ठरेल.

५

आता रूपांचा विचार. कोणत्याही रूपाची परीक्षा तीन प्रश्नांनी करता येते. त्याच्या वजनात प्रत्यक्ष क्रिएटिन किती? ते पोटातून स्नायूपर्यंत पोहोचते काय? आणि त्याची सरशी तुलनात्मक प्रयोगात दिसली आहे काय?

मोनोहायड्रेट म्हणजे क्रिएटिनच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू. त्यात ८७.९ टक्के क्रिएटिन असते. हायड्रोक्लोराइडमध्ये ७८ टक्के, नायट्रेटमध्ये सुमारे ६७ टक्के, पायरुव्हेटमध्ये ६० टक्के आणि एकास एक प्रमाणातील सायट्रेटमध्ये ४१ टक्के असते. निर्जल क्रिएटिनमध्ये ते १०० टक्के असले, तरी व्यवहारात त्याचा लाभ केवळ वजनातील थोड्या बचतीइतकाच. ‘मायक्रोनाइज्ड’ हे तर निराळे रूपच नव्हे. बारीक दळलेले मोनोहायड्रेट, एवढाच त्याचा अर्थ. ते पाण्यात लवकर मिसळते आणि पेल्याच्या तळाशी कमी बसते.

हायड्रोक्लोराइडचा मुख्य दावा विद्राव्यतेचा आहे. ते पाण्यात पुष्कळच अधिक विरघळते, हे खरे. परंतु विरघळणे आणि शोषले जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मोनोहायड्रेट साध्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४ ग्रॅमच विरघळत असले, तरी घेतलेले जवळजवळ सर्व आतड्यांतून शोषले जाते. त्यामुळे हायड्रोक्लोराइडची अत्यल्प मात्रा पुरते हा प्रचार सिद्ध झालेला नाही. ज्यास मोनोहायड्रेटने पोट बिघडते त्याने मात्रा विभागून घ्यावी किंवा पाणी वाढवावे. बहुधा तेवढ्याने काम भागते.

ईथिल एस्टरचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. हे रूप पेशीत सहज शिरते अशी त्याची कीर्ती होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात ते घेणाऱ्यांच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे क्रिएटिनचा निरुपयोगी अवशेष, वाढलेले आढळले. स्नायुबलात किंवा देहरचनेत त्याची सरशी झाली नाही. ‘बफर्ड’ रूपाचा दावा असा की, जठरातील आम्लाने साधे क्रिएटिन नष्ट होते, म्हणून त्यास अल्कलीचे संरक्षण हवे. वस्तुतः अतितीव्र आम्लात हे विघटन मंदावते आणि जठरातील अल्प वास्तव्यात फारसे काही नष्ट होत नाही. २०१२ सालच्या अभ्यासात या रूपाने मोनोहायड्रेटपेक्षा स्नायूंतील साठा किंवा बळ अधिक वाढल्याचे दिसले नाही.

तयार द्रवरूप क्रिएटिन मात्र खरोखरच टाळण्यासारखे आहे. पाण्यात ते हळूहळू क्रिएटिनिनमध्ये बदलते आणि द्रव जितका आंबट तितका हा बदल वेगाने होतो. मध्यम आम्लतेच्या द्रावणात तीन दिवसांत त्याचा पाचवा हिस्सा नष्ट झालेला आढळला आहे. यावरून घरगुती नियम निघतो तो असा : पूड ताकात किंवा लिंबाच्या सरबतात घातली तर लगेच प्यावी, ती कालवून ठेवू नये. कोमट दूध वा पाणी यांत ती चांगली मिसळते.

तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारे रूप अखेर मोनोहायड्रेटच ठरते. बहुतेक प्रयोग याच रूपावर झाले आहेत. आंतरराष्ट्रीय क्रीडापोषण संस्थेच्या २०१७ च्या निवेदनातही तेच सर्वांत परिणामकारक मानले आहे. शिवाय बहुधा तेच सर्वांत स्वस्त असते. अधिक किंमत आणि अधिक अवघड नाव म्हणजे अधिक गुण, ही समजूत येथे सर्वस्वी खोटी ठरते.

६

मात्रेचा इतिहासही साधेपणाकडेच झुकतो. आरंभीच्या प्रयोगांत रोज २० ग्रॅम पाच-सहा दिवस आणि नंतर अल्प मात्रा, असा क्रम होता. १९९६ साली हल्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, रोज ३ ग्रॅम २८ दिवस घेतल्यानेही स्नायू तितकेच भरतात. फरक केवळ वेळेचा. प्रौढ मल्लास रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतात. साखर किंवा प्रथिने यांच्यासोबत घेतल्यास स्नायूंत ते अधिक टिकते असेही आढळले आहे. राहुरीच्या पहिलवानास त्यासाठी निराळे मिश्रण विकत घेण्याचे कारण नाही. सरावानंतरचे दूध व जेवण हे काम करू शकते.

कुस्तीगीरासाठी एक विशेष सावधगिरी आहे. क्रिएटिन स्नायूंत पाणी धरून ठेवते. मोठ्या मात्रेने पहिल्या आठवड्यातच वजन एक-दोन किलोंनी वाढू शकते. १९६१ पासून होत आलेल्या आणि २०२५ मध्ये अहिल्यानगर शहरात झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेच्या किताबी गटासारख्या वजनदार गटात याची फारशी चिंता नाही. परंतु ५७ किंवा ६१ किलोच्या गटातील मल्ल स्पर्धेच्या सकाळी काट्यावर उभा राहतो, तेव्हा हेच पाणी त्याचा घात करू शकते. अशाने स्पर्धेच्या तोंडावर नव्हे, तर सरावाच्या आरंभी आणि अल्प मात्रेने सुरुवात करावी. वजन उतरविण्यासाठी पाणी तोडण्याची तालमीतील सवय तर कोणत्याही परिस्थितीत धोक्याचीच आहे.

निरोगी प्रौढांत शिफारस केलेल्या मात्रेने मूत्रपिंडास अपाय झाल्याचे दीर्घकालीन अभ्यासांत आढळलेले नाही. तथापि रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसू शकतो. म्हणून तपासणीपूर्वी डॉक्टरांस तसे सांगावे. ज्यास मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने ते वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. रेवड्यांवर कुस्ती खेळणाऱ्या वयाच्या मुलांना तर त्याची गरजच नाही; त्यांचा खुराक दूध, डाळ-भाकरी, पुरेशी झोप आणि वस्तादाची नजर हाच होय. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत क्रिएटिन नाही. परंतु भेसळीच्या डब्यात निषिद्ध द्रव्य निघाल्यास शिक्षा मल्लासच होते. म्हणून डब्यावर घटक म्हणून केवळ क्रिएटिन मोनोहायड्रेट लिहिलेले असावे, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असावा, आणि शक्य तर त्या घाण्याची स्वतंत्र प्रयोगशाळेतील तपासणी झालेली असावी. ज्या मिश्रणात प्रत्येक घटकाचे प्रमाण दिलेले नसते, ते कितीही प्रसिद्ध असले तरी टाळणे इष्ट.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, क्रिएटिनच्या बाबतीत निवड करावयाची ती नावांतून नव्हे, घटकांतून. लीबिगच्या अर्कापासून आजच्या हायड्रोक्लोराइडपर्यंत रूपे बदलली. स्नायूस हवे असलेले द्रव्य मात्र शेव्रलने वेगळे केले तेच आहे. ते मोनोहायड्रेटमधून पुरेसे व स्वस्तात मिळते. मानसोल्लासाच्या काळी मल्लाच्या खुराकाचा भार राजा उचलीत असे. आज तो घरातील मिळकतीवर पडतो. त्या मिळकतीतून आधी दूध, डाळ आणि पोटभर अन्न यांची तजवीज व्हावी, आणि मग उरल्यास या साध्या पांढऱ्या पुडीचा विचार व्हावा. तालमीतही ‘पावडर’ या एकाच शब्दावर भागविणे सोडून प्रथिन, क्रिएटिन आणि औषध यांना त्यांच्या त्यांच्या नावांनी ओळखण्याची सवय लागली, तर निम्मी फसवणूक दुकानाच्या दारातच थांबेल.